राघोबाचे पंख आणि रुमालाखालचा सौदा

माणिकराव आणि राघोबा यांची पहिली भेट सेलूच्या एका जिनिंगच्या आवारात, कापसाच्या ढिगात झाली. त्या भेटीचा आवाज परभणीपर्यंत गेला असं तिथले हमाल आजही शपथेवर सांगतात. कोणी म्हणतं, माणिकरावांच्या ओरडण्यानं स्टेशनातून सुटलेली पॅसेंजर सिग्नल हिरवा असताना थांबली. कोणी म्हणतं, रांगेत उभ्या असलेल्या टेम्पोंचे हॉर्न आपोआप वाजायला लागले. खुद्द माणिकरावांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी ढिगात हात घातला तेव्हा आत वाघ बसलेला होता, निदान वाघाचा चुलतभाऊ तरी होताच. त्यानं त्यांचं बोट मुळापासून धरलं, चावलं, गिळलं आणि चव पसंत न पडल्यामुळं परत दिलं.

हात बाहेर आला तेव्हा बोटाला एक पोपट लोंबकळत होता. अंगभर कापूस चिकटल्यामुळं तो पहिल्यांदा पोपट वाटलाच नाही. पांढऱ्या दाढीचा, लाल नाकाचा, कमालीचा संतापलेला म्हातारा वाटला. ढिगाच्या पलीकडच्या टोकाला कापूस ओढून घेणारा मोठा पाइप सुरू होता. माणिकरावांचं बोट वेळेवर आत गेलं नसतं तर देशातली कापसाची पहिली हिरवी गठाण सेलूत बांधली गेली असती.

"हे कोणाचं हाय?" माणिकरावांनी विचारलं. आवाज अजून जागेवर आला नव्हता.

कापूस पालमकडून आला होता. मालकानं आधी पोपटाकडं पाहिलं, मग बोटाकडं, आणि घाईघाईनं म्हणाला, "आमच्या मालात भेसळ न्हाई, साहेब. हे वरून पडलं असंल."

पोपट वरून पडला नव्हता, कारण त्याला वर जाताच येत नव्हतं. त्याची पंखातली मोठी पिसं कोणीतरी कातरलेली होती. कोणाच्या तरी घरातून तो चालत चालत कापसाच्या खोलीत शिरला असणार आणि पहाटे कापसाबरोबर टेम्पोत भरला गेला असणार. माणिकरावांनी त्याला रुमालात गुंडाळलं आणि घरी नेलं. "दया आली म्हणून" असं ते सांगायचे. हमालांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या मते पोपटानं बोट सोडलंच नव्हतं, त्यामुळं साहेबांना दुसरा इलाज नव्हता.

आता बोटाचं एवढं काय, असं कोणी विचारील. पण माणिकराव ग्रेडर होते आणि ते बोट उजव्या हाताचं पहिलं बोट होतं. कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला पुंजका ओढायचा, अंगठा आणि या बोटाच्या मध्ये धरून त्याचा धागा हळूच ताणायचा, आणि माल कसा आहे ते सांगायचं, हा त्यांचा धंदा. वरचा कापूस चांगला आणि आतला किडका कवडी, हा प्रकार त्यांच्यापुढं टिकत नसे. जिनिंगमध्ये ओल मोजायचं यंत्र आलं होतं. पण मालक आधी माणिकरावांच्या तोंडाकडं बघत आणि मग यंत्राकडं. यंत्र आणि माणिकराव यांचं पटलं नाही तर यंत्र दुरुस्तीला जाई.

ओल ही त्यांची जन्माची वैरीण. ओलीवर ते तासभर बोलू शकत, आणि बोलत. त्यांच्या घरात ओला टॉवेलसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. गल्लीत एकेक करून सगळ्यांकडं कूलर आले तेव्हा बायकोनं विषय काढला होता. माणिकरावांनी बोट वर केलं आणि म्हणाले, "घरात ओल शिरली की हे मेलं." त्यामुळं मे महिन्यात सबंध सेलू गाव भाकरीसारखं फुगत असताना माणिकराव कोरडेठाक, अभिमानानं भाजत बसलेले असायचे.

बायकोचं नाव कोकिळाबाई. हे नाव बारशाच्या दिवशी ठेवलं गेलं, आणि त्या वेळी बाळ झोपलेलं असावं. त्यांचा आवाज जिनिंगच्या भोंग्यापेक्षा बराच वक्तशीर आणि थोडा मोठा होता. माहेर चुडाव्याचं, वडील बैलांचे दलाल. चिडलेला बैल कसा धरायचा हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं, त्यामुळं पोपट त्यांनी एका हातानं सोडवला.

"आणखी काय काय आणताल बाजारातून?" त्या म्हणाल्या. "मागं फुटकी घागर आणली. आता चावरं पाखरू."

"दोन दिवस ठिवू. बरं झालं की देऊ सोडून."

"बरं कोणाला व्हायचंय? त्याला का तुमाला?"

हा प्रश्न जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर सिद्धोधन यांनी सोडवला. त्यांनी दोघांनाही तपासलं. पोपट ठणठणीत निघाला. बोटाला मात्र पट्टी बांधावी लागली.

"पंख कातरलेत कोणीतरी," डॉक्टर म्हणाले. "उन्हाळ्यापर्यंत जुनी पिसं गळतील, नवी येतील."

"म्हंजी उडंल?"

"पोपट हाय, काका. उडंलच की."

"आन् उडू द्यायचं नसंल तर?"

"नवी आली की परत कातरायची. नीट कातरली तर नख कापल्यावानी, दुखत न्हाई. फक्त मला सांगू नका. पोपट पाळणं कायद्यात बसत न्हाई. आज मी ह्याला बघितलंच न्हाई. तुमचं बोट बघितलं."

दोन दिवसांसाठी आलेल्या पोपटाचं नाव तिसऱ्या दिवशी राघोबा पडलं, आणि नाव पडलेल्या पाहुण्याला घालवता येत नाही. राघोबा बोलका होता. पण त्याचं बोलणं आधीच्या घरातलं होतं. पहाटे उजाडायच्या सुमाराला तो फळीवर उभा राहून दरडावायचा, "सूर्यभान, मोटर बंद कर." माणिकराव अंथरुणातून उठून बसायचे. त्यांच्या घरी ना सूर्यभान होता ना मोटर, तरी आपली काहीतरी चूक झालीय असं त्यांना वाटत राहायचं. मूळ मालक सापडावा म्हणून त्यांनी बाजारात येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. पालम तालुक्यात सूर्यभान पुष्कळ निघाले आणि मोटर बंद करायला सगळेच विसरत होते. पोपट कोणाचाच हरवला नव्हता.

हळूहळू राघोबा या घरचंही बोलणं शिकला. त्याची एक खोड होती. साधं, गोड बोललेलं त्याच्या ध्यानात राहत नसे. तावातावानं बोललेलं तो एकदाच ऐकून पाठ करायचा. एका दुपारी कोकिळाबाई स्वयंपाकघरात म्हणाल्या, "कमलबाईची कढी म्हंजी निस्तं हळदीचं पाणी." शेजारच्या कमलबाई संध्याकाळी रिकामी वाटी न्यायला आल्या तेव्हा राघोबानं हे वाक्य त्यांना उंबऱ्यातच, कोकिळाबाईंच्या आवाजात, पोहोचवलं.

कमलबाईंनी वाटी घेतली. "पाखरू हुशार हाय, वैनी," त्या म्हणाल्या. "शिकवणारं चांगलं मिळालं."

त्या दिवसापासून घरातलं महत्त्वाचं बोलणं रुमालाखाली गेलं.

पूर्वी बैलबाजारात आणि कापसाच्या पेठेतही भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि देणारा हातात हात घेत, वर रुमाल टाकत, आणि बोटं दाबून सौदा करत. भोवती माणसं उभी असली तरी आत काय चाललंय ते कळत नसे. माणिकरावांचे वडील असेच सौदे करत, कोकिळाबाईंचेही. त्यामुळं या नवरा-बायकोला ही भाषा लग्नाच्या आधीपासून येत होती. पाहुण्याला जेवायला थांबवायचं की चहावर कटवायचं, आहेर साडीचा करायचा की ब्लाऊजपीसचा, हे ते पाहुण्याच्या समोर बसून, माणिकरावांच्या खांद्यावरच्या रुमालाखाली ठरवत. पाहुण्यांना वाटायचं, या वयातही किती प्रेम आहे. ते होतंच, पण त्या वेळी बहुधा ब्लाऊजपीसचा विषय चाललेला असायचा.

थंडी सरली. राघोबाची पिसं गळायला लागली आणि जागी नवी, लांब, गर्द हिरवी पिसं येऊ लागली. माणिकराव संध्याकाळी ओसरीवर बसले की राघोबा खांद्यावर चढायचा, शेंगदाणा खायचा, आणि मग तेच बोट चोचीत धरून हळूहळू चाचपायचा. चावत नसे. ज्या बेतानं माणिकराव धागा ताणत, त्याच बेतानं. "माझीच ग्रेडिंग करायलाय," ते हमालांना सांगत आणि आपण कोणत्या प्रतीचे ठरलो याचा विचार करत.

याच वेळी पोपटांचा थवा ओरडत जिनिंगच्या कडुलिंबाकडं जायचा. राघोबा खांद्यावरून उतरून खिडकीच्या गजांवर चढायचा, पंख पसरून फडफडायचा, आणि धपकन खाली पडायचा. परत चढायचा, परत पडायचा. एके दिवशी खिडकीखाली कोकिळाबाईंची चार पदरी गोधडी अंथरलेली दिसली. पडण्याचा आवाज आता येत नसे.

फाल्गुन लागला तसा राघोबा खिडकीतून फळीवर आणि फळीवरून दिवाणावर तरंगत जाऊ लागला. आता ठरवणं भाग होतं. छताला पंखा होता. उन्हाळ्यात पंखा चालू आणि घरात पोपट उडतोय, ही कल्पनाच माणिकरावांना सोसत नव्हती. तोवर कोकिळाबाई दिवसभर पंखा बंद ठेवून घामाच्या धारांत स्वयंपाक करत होत्या. खिडकी उघडी ठेवली तर राघोबा जाणार, आणि नाही ठेवली तर तिघंही उकडून मरणार.

कमलबाईंचं मत तयार होतं. "कातरून टाका, भाऊजी. एकदा उडालं की कोणाच्या तोंडाकडं बघताल?"

माणिकरावांना कातरायचं नव्हतं. बाजारात ते पुंजका हातात येताच निकाल देत. त्यांनी दुसऱ्यांदा हात घातलाय असं कधी कोणी पाहिलं नव्हतं. इथं ते रोज संध्याकाळी राघोबाचा पंख अलगद उलगडत, नवं पीस अंगठा आणि बोटात धरत, आणि ताणल्याशिवाय सोडून देत. असा लांब, असा चिवट, असा ओलीचा लवलेश नसलेला माल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्याला कातर लावायची म्हणजे उभ्या पिकाला नांगर घालण्यासारखं होतं. पण कोकिळाबाईंचं काय? त्या दिवसभर पोपटाशी भांडत, त्याला शिव्या देत, आणि बाजारातून आल्यावर पिशवीतली पहिली मिरची त्याच्या पुढ्यात टाकत. तो गेला तर त्या भांडतील कोणाशी? माणिकरावांशी भांडण्यात मजा नव्हती. ते उलट बोलत नसत. तिला कातरायचंच असणार, त्यांनी ठरवलं. गोधडी कशाला घातली नाहीतर? ठेवून घ्यायचंय म्हणूनच.

एका दुपारी त्यांनी रुमाल काढला. राघोबा फळीवर जागा होता.

"बस इथं," ते म्हणाले.

कोकिळाबाई पदराला हात पुसत बसल्या. रुमालाखाली हात गेले. मूठ म्हणजे कातरायचं, एक बोट म्हणजे सोडायचं, हे माणिकरावांनी आधी नजरेनं, मग हातवाऱ्यांनी समजावलं. फळीवरून राघोबा हा तमाशा मान वाकडी करून बघत होता.

आता सौद्याचा पहिला नियम असा की मनातला भाव आधी सांगायचा नाही. माणिकरावांनी विचार केला, एक बोट दाबलं तर ही भांडेल. त्यापेक्षा आपणच मूठ करू. मूठ लागली की हिचं काळीज हलेल, ही म्हणेल राहू द्या, मग आपण जरा ताणून धरू आणि शेवटी मोठ्या मनानं मान्य करू. त्यांनी मूठ वळली.

कोकिळाबाईंनी क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं आणि मुठीवर हात दाबला. सौदा झाला.

माणिकराव रुमाल तसाच धरून बसले. त्यांच्या आयुष्यात इतक्या झटपट कोणी सौदा बंद केला नव्हता.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं म्हंजी? तुमीच तर बोललात."

"न्हाई, म्हंजी तू काही..."

"हातावर हात पडला, आता काय राहिलं?" आणि त्या उठून आत गेल्या. जाताना कुठलंसं पातेलं इतक्या जोरात आदळलं की राघोबानं सूर्यभानला पुन्हा मोटर बंद करायला सांगितलं.

रुमालाखालचा सौदा मोडता येत नाही. माणिकरावांच्या वडिलांनी एकदा चुकीच्या बोटावर हो म्हटलं होतं आणि लंगडा बैल मरेपर्यंत सांभाळला होता. त्यामुळं रविवारी गल्लीच्या तोंडावरच्या सलूनवाल्या महारुद्रानं यायचं ठरलं. महारुद्रानं सेलूतल्या तालेवार मिशा सांभाळल्या होत्या; पोपट हे त्याच्यासाठी बढतीसारखं होतं. तो पेटी घेऊन, केस विंचरून, वेळेच्या आधी हजर झाला.

"कुठाय गिऱ्हाईक?"

"आधी चहा घे," माणिकराव म्हणाले.

चहा झाला. कोकिळाबाईंनी चुरमुऱ्यांची सुशीला आणली. सुशीला झाल्यावर पुन्हा चहा आला. मग माणिकरावांना आपली दाढी वाढल्याची आठवण झाली. दाढी झाल्यावर त्यांनी केसही कापायला सांगितलं, आणि त्यांच्या डोक्यावर कापण्याजोगं फारसं काही नसल्यामुळं महारुद्र एकेका केसाभोवती दोनदा फिरला. मिशा झाल्या. कानावरचे केस झाले. गळ्याभोवतीचं पांढरं कापड काढायचं माणिकराव नावच घेईनात.

"मामा," महारुद्र शेवटी म्हणाला, "आता निस्त्या भुवया राहिल्यात. पोपट कवा?"

आता काही उरलं नव्हतं. कोकिळाबाईंनी राघोबाला फळीवरून उतरवून आणलं आणि माणिकरावांच्या मांडीवर ठेवलं. माणिकरावांनी डाव्या हातानं एक पंख उलगडला. दुपारच्या उजेडात तो पंख केवढा तरी मोठा दिसला. राघोबानं झटापट केली नाही. तो मान खाली घालून त्या हाताचं बोट चाचपू लागला.

महारुद्रानं कातर हवेत दोनदा वाजवली. "कुठून घेऊ?"

माणिकरावांचा उजवा हात गळ्याभोवतीच्या कापडाखाली होता. त्या कापडाखाली अचानक अजून एक हात आला. ओला होता, भांडी घासून आलेला, पण माणिकरावांना पहिल्यांदाच ओलीची तक्रार सुचली नाही. त्या हातानं त्यांची मूठ चाचपली, उलगडली, आणि फक्त एक बोट धरलं. तेच, चावलेलं. आणि दाबून धरून ठेवलं.

"कातर ठिव," माणिकराव म्हणाले.

"मंग मी आलो कामून?"

"दाढी कराया."

महारुद्रानं दोघांकडं पाहिलं, कापड झटकलं आणि पेटी आवरली. तो गेल्यावर माणिकराव म्हणाले, "तुला सोडायचं होतं, तर त्या दिवशी मुठीवर हात कामून टाकला?"

"आमचे आबा म्हणायचे, गिऱ्हाइकाला मागितल्या भावाला लगीच हो म्हणा. घाबरून मागं सरतंय. मला वाटलं तुमी सरताल."

"मी कसा सरणार? हात पडल्यावर?"

"मला काय ठावं, तुमी मनातलं सोडून दुसरंच दाबायलात."

"सौद्यात तसंच असतंय."

"मी काय बैल हाय का, माह्याशी सौदा करायला?"

माणिकरावांनी राघोबाला फळीवर परत ठेवलं. ते फळीकडं बघत बसले. राघोबा पंख नीट जागेवर लावत होता, मेळाव्याहून आलेला पुढारी सदरा झटकतो तसा.

चैत्रात, उन्हं उतरताना, खिडकी उघडली. त्या दिवशी कोकिळाबाईंनी राघोबाला मिरची दिली, पेरू दिला, डाळ दिली, आणि शिव्या मात्र दिल्या नाहीत. माणिकरावांनी त्याला खांद्यावर घेऊन ओसरीच्या कडेला आणलं. सासरी निघालेल्या लेकीला सांगावं तसं ते त्याला हळू आवाजात सांगत राहिले: कुठल्या ढिगात शिरू नको, पाइपाजवळ जाऊ नको, कोणाच्या बोटाला लागू नको. थवा आला. राघोबानं मान वर केली, खांद्यावर नखं रुतवली, आणि गेला. पडला नाही. सरळ, हिरवा, ओरडत गेला, आणि जिनिंगच्या लिंबात शेकडो हिरव्या पानांमध्ये आणि शेकडो हिरव्या पोपटांमध्ये मिसळला.

माणिकराव लिंबाखाली जाऊन उभे राहिले. ढिगातला पुंजका आंधळ्यासारखा नुसता चाचपून ओळखणारा हा माणूस. वर बघून बघून मान अवघडली, पण त्यातला आपला कोणता ते त्यांना सांगता येईना. परत आले तेव्हा कोकिळाबाई खिडकीखालची गोधडी घडी करत होत्या.

"गेला ना थव्यात?"

"गेला."

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी पंखा लावला.

त्या रात्री दोघंही फारसं जेवले नाहीत. आभाळ, मोकळीक, झाडाची फांदी, जातभाई, असं बरंच काही माणिकराव बोलले, आणि आपण एका जिवाला जन्म दिल्यासारखं वाटतंय असंही म्हणाले. कोकिळाबाईंनी डोळ्याला पदर लावला.

पहाटे उजाडायच्या सुमाराला भिंतीपलीकडून खणखणीत आवाज आला, "सूर्यभान, मोटर बंद कर."

राघोबा तेव्हापासून कमलबाईंकडं राहतो. त्यांच्याकडं कूलर आहे.